परदेशी वैद्यकीय पथक उतरण्याआधी: आपत्तीतल्या वैद्यकीय मदतीचा समन्वय कसा उभा करायचा

७ डिसेंबर १९८८ ला आर्मेनियात मोठा भूकंप झाला. पुढच्या काही महिन्यांत जगभरातून तिथे औषधं आणि वैद्यकीय साहित्य मिळून किमान ५,००० टन माल येऊन पडला. त्यातली जेमतेम ३० टक्के औषधं सहज वापरता येण्याजोगी होती. नेमकं काय काय आलंय याचा नीट अंदाज यायलाच ५० माणसांना सहा महिने लागले आणि शेवटी २० टक्के औषधं नष्ट करावी लागली. पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नव्हती. फक्त काय हवंय ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि आलेला माल थांबवून तपासण्याचा अधिकार कुणाकडे आहे हेही ठरलेलं नव्हतं.

मदत पाठवण्यापेक्षा मदत घेणं जास्त अवघड असतं. सहकार्यावरच्या चर्चेत सगळा भर करारांवर आणि पाठवणाऱ्यांच्या क्षमतेवर असतो, घेणाऱ्याच्या तयारीबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. म्हणून हा लेख मुख्यतः घेणाऱ्याच्या बाजूनं लिहिला आहे. आरोग्य विभागातले अधिकारी, मोठ्या रुग्णालयांचे प्रमुख, आपत्ती व्यवस्थापनात काम करणाऱ्या संस्था यांना तो पायरी पायरीनं वापरता यावा. पथक पाठवणाऱ्यांसाठीही एक भाग आहे.

पायरी १: आधी देशातली पथकं मोजा

भूकंपात किंवा वादळात पहिल्या एक-दोन दिवसांत जे जीव वाचतात ते शेजारी, स्थानिक दवाखाने आणि देशातली पथकं वाचवतात. परदेशातलं पथक कितीही चपळ असलं तरी विमान, परवानगी आणि रस्ता यांत दोन-तीन दिवस जातातच. त्यामुळे बाहेरच्या मदतीचं नियोजन आतल्या पथकांच्या यादीपासून सुरू होतं.

ही यादी करताना सगळ्यांची भाषा एक हवी. 'आमच्याकडे २० डॉक्टरांचं पथक आहे' या वाक्यातून काहीच कळत नाही. ते पथक रात्री चालतं का? भूल देऊ शकतं का? तंबू स्वतःचा आहे का? जागतिक आरोग्य संघटनेनं इमर्जन्सी मेडिकल टीम, म्हणजे ईएमटी, यांची जी वर्गवारी केली आहे ती इथे सरळ उचलावी. टाइप १ म्हणजे दिवसा चालणारी बाह्यरुग्ण सेवा: फिरतं पथक असेल तर दिवसाला किमान ५० रुग्ण, एका जागी असेल तर किमान १००. टाइप २ म्हणजे चोवीस तास चालणारं, शस्त्रक्रिया करणारं छोटं रुग्णालय: एक ऑपरेशन टेबल, किमान २० खाटा, दिवसाला ७ मोठ्या किंवा १५ लहान शस्त्रक्रियांची क्षमता. टाइप ३ मध्ये किमान दोन टेबलं, ४० खाटा आणि अतिदक्षता विभाग येतो. याखेरीज भाजलेले रुग्ण, डायलिसिस, पुनर्वसन, बाळंतपण अशा एकेका कामाची विशेष पथकं असतात. ती सहसा दुसऱ्या पथकाला किंवा चालू रुग्णालयाला जोडून काम करतात.

आपली पथकं याच मापात बसवून पाहिली की कुठे काय कमी आहे ते लगेच दिसतं. बहुतेक ठिकाणी टाइप १ पुरेशी निघतात. कमतरता असते ती भूलतज्ज्ञ, हाडांचे सर्जन, फिजिओथेरपिस्ट आणि बायोमेडिकल तंत्रज्ञ (वैद्यकीय यंत्रं सांभाळणारे) यांची. प्रमाणित पथक, म्हणजे या निकषांवर जागतिक आरोग्य संघटनेनं तपासून मान्य केलेलं पथक, ही श्रीमंत देशांचीच चैन आहे असंही नाही. २०१६ मध्ये जगातलं पहिलं प्रमाणित पथक शांघायच्या एका रुग्णालयाचं होतं, आणि तीनच वर्षांत, २०१९ मध्ये, फिजीसारख्या छोट्या बेटदेशाचं टाइप १ पथक त्या यादीत आलं.

यादीत नावं आली म्हणजे माणसं मिळतील असं समजू नका. मूळ रुग्णालयानं डॉक्टरला रिलीव्ह केलं नाही तर यादी कागदावरच राहते. प्रत्येक सदस्यासाठी चार गोष्टी आधीच लेखी ठरवा: त्याला सोडण्याचा आदेश कोण काढणार, तो काळ ड्यूटी धरला जाणार की रजा, पगार व भत्ता कुठल्या खात्यातून, आणि विमा कुणाचा. ज्या देशांत वैद्यकीय नोंदणी प्रांतवार होते तिथे एका प्रांताच्या डॉक्टरला दुसऱ्या प्रांतात काम करता येईल का, हेही कायद्यात बघून ठेवा. परदेशी डॉक्टरांच्या परवान्यावर तासन् तास चर्चा करणारे लोक या घरच्या अडचणीकडे बघतही नाहीत.

पायरी २: एक कक्ष, एक माणूस, एक फोन

आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीत आपत्कालीन नियंत्रण कक्ष हवा, आणि त्यात परदेशी-देशी सगळ्या वैद्यकीय पथकांसाठी वेगळा समन्वय विभाग हवा. या विभागाला जगभर ईएमटी समन्वय कक्ष म्हणतात. तो चालवायचा आरोग्य मंत्रालयानं. जागतिक आरोग्य संघटनेची माणसं मदतीला येतात, पण कुठलं पथक कुठे जाईल हा निर्णय त्या देशाचाच. ही गोष्ट पहिल्या दिवशी स्पष्ट नसेल तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक दूतावास आपापल्या पथकासाठी वेगवेगळ्या अधिकाऱ्याला फोन करायला लागतो.

कक्षाच्या प्रमुखाकडे पथक नाकारण्याचा अधिकार लेखी असला पाहिजे. तोंडी अधिकारावर कुणी आलेलं विमान परत पाठवत नाही. प्रमुखाला निदान दोन पर्यायी माणसं हवीत, कारण आपत्तीत प्रमुखाचं घरही पडलेलं असू शकतं. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम २००५ नुसार प्रत्येक देशात एक राष्ट्रीय संपर्क केंद्र असतं आणि ते चोवीस तास उपलब्ध असणं बंधनकारक आहे. समन्वय कक्षानं त्याच्याशी, आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाशी आणि परराष्ट्र खात्याशी थेट दुवा ठेवावा. खात्यातून खात्यात फाइल फिरवत बसायला तेव्हा वेळ नसतो.

पायरी ३: कागदपत्रं आधी तयार ठेवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा असा माझा आग्रह आहे. तंबू दोन तासांत उभा राहतो, पण कायद्यातली एक दुरुस्ती व्हायला वर्ष जातं.

पहिला प्रश्न परदेशी डॉक्टर आणि परिचारिकांच्या परवान्याचा. वैद्यकीय परिषदेशी आधीच बोलून तात्पुरत्या नोंदणीची पद्धत ठरवा: मूळ देशातल्या नोंदणीची प्रत, विशेषज्ञतेचा पुरावा, पासपोर्ट आणि एक पानी अर्ज, एवढ्यावर ठरावीक मुदतीची परवानगी. ती पथकाच्या नावे न देता व्यक्तीच्या नावे द्यावी. रुग्णाचं नुकसान झालं तर जबाबदारी कुणाची, नुकसानभरपाईचा दावा कुठे करायचा, हे त्याच कागदावर असावं. आपत्तीग्रस्त माणसाचे हक्क आपत्तीमुळे कमी होत नाहीत.

दुसरा प्रश्न कस्टम्सचा. वैद्यकीय साहित्य दोन प्रकारे येतं: इथेच राहणारं, आणि काम संपल्यावर परत जाणारं. एक्स-रे मशीन, ऑटोक्लेव्ह (निर्जंतुकीकरणाचं यंत्र), जनरेटर, भुलीचं यंत्र हे दुसऱ्या प्रकारात येतात आणि त्यांना तात्पुरत्या आयातीची सोय लागते. ती नसेल तर अधिकारी नेहमीचा नियम लावून अनामत मागतो, आणि त्यात त्याची काही चूकही नसते. संयुक्त राष्ट्रांनी यासाठी देशांशी करायच्या कस्टम्स कराराचा नमुना तयार केलेला आहे, आणि रेड क्रॉस चळवळीनं २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय आपत्ती मदतीच्या कायद्याबाबत मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत. कोऱ्या कागदापासून सुरुवात करण्याचं कारण नाही.

तिसरा प्रश्न नियंत्रित औषधांचा, आणि पथकं सर्वात जास्त अडकतात ती इथेच. एक पेटी डोळ्यासमोर आणा. तिच्यात मॉर्फिनच्या ॲम्प्युल्स आहेत. मॉर्फिन आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रित असल्यामुळे नेहमीच्या परिस्थितीत पाठवणाऱ्या देशाची निर्यात परवानगी आणि घेणाऱ्या देशाची आयात परवानगी, दोन्ही लागतात. शेजारच्या पेटीत केटामिन आहे. ते त्या आंतरराष्ट्रीय करारात नाही, पण अनेक देशांनी स्वतःच्या कायद्यानं ते नियंत्रित केलं आहे. म्हणजे एका देशात चालतं तेच दुसऱ्या देशाच्या विमानतळावर जप्त होतं. तंबूत भूल देण्यासाठी केटामिनइतकं सोयीचं औषध क्वचितच सापडेल, त्यामुळे ते अडकलं की शस्त्रक्रियाच थांबतात. आपत्तीकाळासाठी अशा औषधांची सोपी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनं १९९६ मध्येच सुचवली आहे. आपल्या औषध नियंत्रकाकडून तिला लागू करणारं परिपत्रक काढून घ्या, आणि विमानतळावरच्या कस्टम्स अधिकाऱ्याच्या टेबलावर त्याची प्रत आहे का ते स्वतः जाऊन बघा.

व्हिसा, विमानाची उतरण्याची परवानगी, वायरलेस संच आणि सॅटेलाइट फोन हे बाकीचे विषय त्यामानानं सोपे आहेत. दूरसंचार साहित्याबाबत १९९८ चा टाम्पेरे करार आहे, तो २००५ पासून लागू आहे. आपला देश त्यात आहे का ते तपासा, नसेल तर देशी नियमात अपवादाची सोय करून घ्या.

पायरी ४: मदत मागताना नेमकी मागा

'शक्य ती सर्व मदत पाठवा' असं आवाहन निघालं की काहीही येतं. मागणीपत्र कसं असावं याचा एक नमुना देतो:

'टाइप २ पथक, संख्या १. ठिकाण: जिल्हा रुग्णालयाचं आवार, मूळ इमारत वापरता येत नाही. हाडांचे सर्जन किमान २, भूलतज्ज्ञ किमान २, फिजिओथेरपिस्ट १. पाणी टँकरनं मिळेल, वीज नाही. मोठं विमान उतरू शकणारा जवळचा विमानतळ रस्त्यानं ६ तासांवर; वाटेतल्या पुलावरून १० टनांवरची वाहनं जात नाहीत. कालावधी किमान ३ आठवडे. दुभाषे आम्ही देऊ. बाह्यरुग्ण पथकांची गरज नाही. सुटी औषधं, कपडे, वापरलेली उपकरणं पाठवू नयेत.'

शेवटची दोन वाक्यं लिहायला अवघड वाटतात, पण तीच सर्वात उपयोगी ठरतात. पुलाची ओळही तितकीच महत्त्वाची. टाइप २ पथकाचं सामान टनांमध्ये मोजतात.

विमानतळाचा विचार नेपाळकडून शिकण्यासारखा आहे. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात विमानानं येणारी जवळजवळ सगळी आंतरराष्ट्रीय मदत काठमांडूच्या एकाच धावपट्टीवर उतरत होती, आणि धावपट्टीचं नुकसान होऊ लागल्यावर मोठ्या विमानांना बंदी करावी लागली. तरीही काम चाललं, याचं एक कारण असं की भूकंपाच्या जेमतेम महिनाभर आधी त्याच विमानतळावर मदतसाहित्य उतरवून वर्गवारी करण्यासाठी वेगळा तळ तयार झाला होता. नेपाळ सरकारनं मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात परदेशी शोध-बचाव पथकांना परतायला सांगितलं, तेव्हा बाहेर त्यावर बरीच टीका झाली. मला तो निर्णय योग्य वाटतो. ढिगाऱ्याखाली जिवंत माणसं सापडण्याची शक्यता संपत आली होती आणि एकुलता एक विमानतळ औषधं, तंबू, अन्न यांसाठी मोकळा हवा होता.

पायरी ५: समन्वय कक्ष प्रत्यक्ष चालवणं

१२ जानेवारी २०१० च्या हैती भूकंपानंतर शेकड्यानं वैद्यकीय गट तिथे पोचले. कोण आलं, कुठे बसलं, काय केलं याची पूर्ण नोंद कुणाकडेच नव्हती. हातपाय कापण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाल्या, त्यातल्या अनेकांच्या नोंदी राहिल्या नाहीत, पुढची काळजी कुणी घ्यायची तेही ठरलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात क्युबात तज्ज्ञांची बैठक झाली, २०१३ मध्ये पथकांचं वर्गीकरण व किमान निकष प्रसिद्ध झाले, आणि २०२१ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली. आजची सगळी पद्धत त्या अनुभवातून तयार झाली आहे.

पहिलं टेबल विमानतळावर असतं, आगमन-निर्गमन केंद्रात. पथक विमानातून उतरलं की तिथे नोंदणी अर्ज भरतं: प्रकार, माणसं, सामानाचं वजन, किती दिवस, स्वतःची वाहनं आहेत का, प्रमाणित आहे का. तिथून थेट घटनास्थळी जाऊ द्यायचं नाही. कक्षाचा लेखी कामाचा आदेश मिळाल्यावरच पथक हलतं. जमिनीच्या सीमेवरून पथकं येणार असतील तर तिथेही हेच टेबल लावा. सीमेवरचा नाका विसरला जातो, आणि मग रस्त्यानं आलेली पथकं यादीतच नसतात.

कक्षाच्या भिंतीवर एक मोठा फळा हवा. संगणकात सगळं असेल, तरी वीज गेल्यावर फळाच उरतो. त्यावर रकाने: पथकाचं नाव, प्रकार, ठिकाण, काम सुरू झाल्याची तारीख, आज मोकळ्या खाटा, काय संपत आलंय, परतीची तारीख. शेवटचा रकाना सुरुवातीला रिकामाच राहतो, पण तो पहिल्याच दिवशी भरून घ्यायचा. एकाच आठवड्यात सहा पथकं परत जाणार आहेत हे आदल्या रात्री कळण्यात अर्थ नाही.

रोज ठरलेल्या वेळी एक बैठक, अर्ध्या तासाची. त्यात भाषणं नकोत, पथकांची ओळख परेडही नको. काल काय बदललं, कुठे रुग्ण जास्त आणि माणसं कमी, कुणाकडून कुणाकडे रेफर करायचं, सुरक्षेची काही सूचना, संपलं. दूरच्या पथकांना रेडिओ किंवा फोनवर जोडून घ्या. त्यांनी दोन तास प्रवास करून बैठकीला यावं अशी अपेक्षा ठेवली तर पहिल्या दोन दिवसांनंतर कुणी येत नाही. स्थानिक जिल्हा आरोग्य अधिकारी मात्र त्या खोलीत प्रत्यक्ष हवा. बैठक परकीय भाषेतच चालली आणि स्थानिक अधिकारी मागच्या खुर्चीवर गप्प बसला, तर दुभाष्याची सोय करणं हे कक्षप्रमुखाचं काम आहे.

माहितीसाठी प्रत्येक पथकाचा वेगळा तक्ता नको. किमान माहिती संच नावाचा एक ठरावीक दैनिक अहवाल २०१७ पासून जागतिक मानक आहे: वय, लिंग, दुखापतीचे व आजारांचे प्रकार, केलेल्या प्रक्रिया, रुग्णाचं पुढे काय झालं. तो पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरला गेला २०१९ मध्ये, मोझांबिकमधल्या इडाई चक्रीवादळानंतर. सगळ्या पथकांचे आकडे एकाच साच्यात आले की एखाद्या छावणीत जुलाबाचे रुग्ण वाढताहेत हे दुसऱ्याच दिवशी दिसतं. दहा वेगवेगळ्या तक्त्यांत ते आठवडाभर लपून राहू शकतं. अहवाल न देणाऱ्या पथकाला एकदा समज द्या. तरी देत नसेल तर त्याचा कामाचा आदेश रद्द करा. हे कठोर वाटेल, पण मी तरी यात सवलत देणार नाही.

वैद्यकीय पथकं आणि शोध-बचाव पथकं यांच्यातला दुवाही याच कक्षानं सांभाळायचा. ढिगाऱ्याखाली तासन् तास दबलेल्या पायावरचं वजन उचलल्यावर स्नायूंमधलं पोटॅशियम आणि इतर द्रव्यं एकदम रक्तात येतात. बाहेर काढेपर्यंत बोलत असलेला माणूस काही मिनिटांत दगावू शकतो, किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत त्याची मूत्रपिंडं बंद पडतात. म्हणून वजन हटवण्याआधीच शिरेतून सलाइन सुरू करायचं असतं, प्रौढ माणसाला ताशी साधारण १ लिटर. ते बचाव पथकाला माहीत हवं, आणि सुटका झालेल्या रुग्णाला डायलिसिस कुठे मिळेल ते कक्षाला माहीत हवं. आर्मेनियात अशा रुग्णांसाठी डायलिसिसची यंत्रं आणि माणसं कमी पडली. त्यानंतर मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं खास आपत्तींसाठी कार्यदल उभं केलं, आणि १९९९ च्या तुर्कस्तानातल्या मार्मारा भूकंपात ते उपयोगी पडलं. देशातल्या डायलिसिस केंद्रांचा नकाशा आजच करून ठेवायला काही खर्च येत नाही.

पथक पाठवणार असाल तर

स्वतःचं ओझं स्वतः वाहायचं हा पहिला नियम. अन्न, पाणी, निवारा, वीज, कचऱ्याची विल्हेवाट, यातलं काहीही आपत्तीग्रस्त भागातून घ्यायचं नाही. पाण्याचंच गणित करून बघा. स्फिअर या नावानं ओळखल्या जाणाऱ्या, मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय किमान निकषांप्रमाणे बाह्यरुग्णामागे ५ लिटर, दाखल रुग्णामागे दिवसाला ४० ते ६० लिटर आणि प्रत्येक शस्त्रक्रियेला १०० लिटर पाणी लागतं. टाइप २ पथकाचे २० दाखल रुग्ण म्हणजे १,२०० लिटर, ७ शस्त्रक्रिया म्हणजे ७००, शंभर बाह्यरुग्ण म्हणजे ५००. पथकात ६० माणसं असतील तर माणशी १५ लिटर धरून आणखी ९००. झाले रोजचे ३,३०० लिटर. एवढं पाणी शुद्ध करणारी यंत्रणा आणि ती दुरुस्त करणारा माणूस बरोबर नसेल, तर जिथे लोकांना प्यायला पाणी नाही तिथे तुम्ही त्यांच्याच टँकरवर हक्क सांगणार.

पथकाची आरोग्य तपासणी औपचारिकता समजू नका. हैतीत भूकंपानंतर नऊ महिन्यांनी, ऑक्टोबर २०१० मध्ये, कॉलराची साथ सुरू झाली. तिचा माग संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळाच्या सांडपाण्यापर्यंत लागला, आणि २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली. मदतीला गेलेल्या माणसांच्या शौचालयाची व्यवस्था हा वैद्यकीय विषयच आहे. लसीकरण, निघण्याआधीची तपासणी आणि तळावरच्या मैल्याची विल्हेवाट यांची जबाबदारी एका नावानिशी माणसावर टाका.

शस्त्रक्रियेबाबत: अंगविच्छेदनाचा निर्णय शक्यतो दोन वरिष्ठ डॉक्टरांनी मिळून घ्यावा, संमती रुग्णाला समजणाऱ्या भाषेत घ्यावी, आणि नोंदीची एक प्रत रुग्णाच्या हातात द्यावी. घरी जमतं म्हणून तंबूतही मोडलेल्या हाडात प्लेट-स्क्रू घालायला जाऊ नये. निर्जंतुकीकरणाची खात्री नसेल तिथे फिक्सेटर (हाड धरून ठेवणारा, बाहेरून बसवायचा सळयांचा सांगाडा) किंवा ट्रॅक्शन (वजन लावून हाड ताणून ठेवणं) बरं. स्थानिक रुग्णालय चालू असेल तर त्याच्या शेजारी स्पर्धा करणारा तंबू उभा करू नका. त्याच्या आवारात जागा मागा, रात्रपाळी तुम्ही घ्या. तिथल्या परिचारिकांची घरं पडलेली असतात आणि तरी त्या कामावर आलेल्या असतात, त्यांना झोप मिळणं ही मोठी मदत आहे.

औषधं आणि साहित्य

जागतिक आरोग्य संघटनेची औषधदानाबाबतची तत्त्वं थोडक्यात अशी: घेणाऱ्याने मागितलेलीच औषधं पाठवायची, पोचताना त्यांची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, लेबल घेणाऱ्या देशात वाचता येईल अशा भाषेत हवं, आणि रुग्णांनी परत केलेली किंवा नमुन्याची औषधं पाठवायची नाहीत. पाठवणाऱ्यांसाठी सोपा मार्ग म्हणजे तयार संच. आंतरसंस्था आपत्कालीन आरोग्य संच १०,००० लोकांना साधारण तीन महिने पुरेल असा बांधलेला असतो आणि त्यात काय आहे ते सगळ्या जगाला माहीत असतं. देणगीदारांना हे पटवायला वेळ लागतो, कारण त्यांना आपल्या शहरात गोळा केलेल्या पेट्यांचा ट्रक निघताना बघायचा असतो. त्यांना पैसे द्यायला सांगा.

साथीच्या आजारात वेगळं काय

भूकंप दिसतो, साथ उशिरा दिसते. म्हणून इथे सहकार्याची सुरुवात माहितीपासून होते. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणे एखाद्या घटनेचं मूल्यमापन ४८ तासांत आणि ती कळवण्याजोगी ठरली तर २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवणं अपेक्षित आहे. माहिती कळवणाऱ्या देशावर लगेच प्रवासबंदी आणि व्यापारबंदी आली तर पुढच्या वेळी कुणी लवकर कळवत नाही, हा या व्यवस्थेतला खरा दुखरा भाग आहे. २०१४ च्या पश्चिम आफ्रिकेतल्या इबोला साथीनं आणखी एक गोष्ट शिकवली: आजारी पडलेल्या परदेशी आरोग्य कर्मचाऱ्याला कुठे आणि कसं हलवायचं हे आधी ठरलेलं नसेल, तर पथकंच मिळत नाहीत.

सराव

वर्षातून एक टेबलटॉप सराव (टेबलाभोवती बसून, चर्चेतून केलेला) आणि दोन-तीन वर्षांतून एक प्रत्यक्ष सराव पुरेसा आहे, पण त्यात खरी माणसं हवीत. उपसचिवांच्या जागी आलेला प्रतिनिधी 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणाला की सरावाचा उपयोग संपला. सरावाची गोष्ट रुग्णांच्या संख्येपेक्षा निर्णयांभोवती रचा. एक विमान उतरलं आहे, पथक प्रमाणित नाही, बरोबर मंत्र्यांची शिफारस आहे: काय कराल? दोन पथकं एकाच गावात जायचा हट्ट धरून बसली आहेत. एका पथकाचा डॉक्टर रुग्णांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकतोय. कस्टम्सनं केटामिन धरून ठेवलंय आणि आज रविवार आहे.

शेजारी देशांबरोबरचा सराव सर्वात मोलाचा, कारण पहिली परदेशी पथकं बहुधा शेजारूनच येतात. आग्नेय आशियात आसियान देशांनी जकार्त्यात २०११ मध्ये समन्वय केंद्र उभारलं आणि २०१६ पासून जपानच्या सहकार्यानं आरोग्य पथकांचे एकत्रित सराव घेतले. युरोपीय संघानंही २०१६ मध्येच सदस्य देशांची पथकं एका यादीत आणून वैद्यकीय दल उभं केलं. प्रादेशिक गटात एकमेकांचे अर्ज, रेडिओची वारंवारता आणि रुग्णपत्रिका एकसारख्या करून घेतल्या तरी अर्धं काम होतं.

निघताना

पथक परत जाण्याच्या किमान एक आठवडा आधी रुग्णांची यादी कक्षाकडे आणि ज्या रुग्णालयाकडे ते जाणार त्याच्याकडे पोचली पाहिजे. फिक्सेटर बसवलेल्यांची वेगळी यादी करा. तो सळयांचा सांगाडा काही महिन्यांनी काढावा लागतो, आणि प्रत्येक कंपनीच्या फिक्सेटरला लागणारा पाना वेगळा असू शकतो; तो पाना मागे ठेवून जा. कृत्रिम पाय लागणाऱ्यांची नावं पुनर्वसन केंद्रात नोंदवून मगच विमानात बसा. उपकरणं मागे सोडायची असतील तर आधी विचारा: चालवणारा माणूस आहे का, सुटे भाग मिळतात का, व्होल्टेज जुळतं का. तिन्हींचं उत्तर हो नसेल तर ती परत न्या.

कक्षानं प्रत्येक पथकाकडून निर्गमन अहवाल घेतल्याशिवाय निरोपाचं पत्र देऊ नये. महिनाभरात आढावा बैठक घ्या, तीत परदेशी पथकांपेक्षा स्थानिक परिचारिका, चालक आणि दुभाषे जास्त असावेत. निघालेल्या प्रत्येक त्रुटीपुढे जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख लिहा, आणि सहा महिन्यांनी ती यादी पुन्हा उघडा. तेव्हाच संपर्क यादीतला प्रत्येक नंबर कुणीतरी प्रत्यक्ष लावून बघा. त्यातल्या काही अधिकाऱ्यांची तोवर बदली झालेली असते.